आधी अक्षर, मग चित्र : फारसी सचित्र पोथ्यांची पार्श्वभूमी

फारसी पोथीचे पान समोर आले की नजर आधी चित्रावर जाते. ती पोथी जिथे तयार झाली त्या कारखान्यात मात्र क्रम उलटा होता. घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर आधी खुशनवीस, म्हणजे सुंदर अक्षरात लिहिणारा लेखनिक, बोरूने मजकूर उतरवी आणि चित्रापुरती जागा मोकळी सोडी. चित्रकाराची पाळी त्यानंतर.

यात लिहिणाऱ्याच्या हाती बरेच काही राही. फिर्दौसीच्या शाहनाम्याच्या, म्हणजे इराणच्या राजांच्या महाकाव्याच्या, प्रतींत बैत (दोन चरणांची कडवी) उभ्या रकान्यांत सरळ लिहिलेले असतात. पण चित्र जवळ आले की काही ठिकाणी ते अचानक तिरपे होतात. ही निव्वळ सजावट नव्हे. तिरपे बैत जास्त जागा खातात, मजकूर लांबतो आणि ज्या ओळीवर चित्र बेतले आहे ती नेमकी चित्रापाशी येऊन पोचते. वाचणाराही तिथे रेंगाळतो. गोष्ट सांगण्याची ही खुबी मला रंगांच्या झगमगाटापेक्षा थोर वाटते.

फारसी काव्याला शोभणारे अक्षरवळण चौदाव्या शतकात घडले: नस्तालीक. त्याचे श्रेय परंपरेने मीर अली तबरेझी याला दिले जाते; उडत्या हंसांवरून त्याला ते सुचले, ही अर्थात दंतकथा. ख्वाजू किरमानी या फारसी कवीच्या काव्याची १३९६ ची बगदादची प्रत मात्र खरोखर हाती आहे. तिच्यात चित्रकार जुनैदची चित्रे जवळजवळ सगळे पान व्यापतात आणि बैत छोट्या चौकटीत बसतात.

तरी अक्षराचा मान घटला नाही. आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरातमध्ये तैमूरचा नातू बायसुंगुर याच्या कारखान्याचा प्रमुख होता जाफर, आणि तो खुशनवीस. कोणाचे काम कुठवर आले, हे मालकाला कळवणारा त्याचा अर्ज इस्तंबूलला जपलेला आहे. त्याच्याच हातचा १४३० चा शाहनामा तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे.

ही रीत दख्खनमध्येही आली. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती गाणारे 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र फारसी काव्य १५६५ च्या सुमाराचे. ती पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. चित्रांत राजाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, पुढे कोणीतरी पुसून किंवा रंगवून झाकली. तिचे सौंदर्य गाणारे बैत राहिले.

पाने सुटी झाली ती विसाव्या शतकात, आणि अक्षराचे खरे नुकसान तेव्हा झाले. इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्यासाठी तबरेझ शहरात घडलेल्या शाहनाम्यात २५८ चित्रे होती. १५६८ मध्ये तो तुर्कस्तानचा उस्मानी सुलतान दुसऱ्या सलीमला नजर झाला. १९५९ मध्ये अमेरिकी संग्राहक आर्थर हॉटन याने तो विकत घेतला, पुढे उसवला आणि चित्रांची पाने वेगवेगळ्या हातांत गेली. कुठल्या ओळीनंतर कुठले चित्र, हा धागाच तुटला. १९९४ मध्ये इराणने आधुनिक चित्रकार विलेम डी कूनिंगचे 'वूमन थ्री' हे चित्र देऊन उरलेली ११८ चित्रे परत मिळवली. त्यांच्यासोबत मजकुराची पाने आणि मूळ बांधणीही आली.