न फिरता सैल झालेला नट आणि फिरून सुटलेला नट

सायकलला बसवलेल्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाचा नट सैल लागला की आपण एकच वाक्य बोलतो, "ढिला झालाय, आवळ." किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला, तेव्हापासून आमच्या पलूस भागात पाना धरणाऱ्या हातांना तोटा नाही. तरीही ढिला होण्याचे दोन वेगळे प्रकार आपण एकाच शब्दात कोंबतो. एका प्रकारात नट जागचा हललेलाच नसतो, पण त्याची पकड गेलेली असते. दुसऱ्यात नट खरोखरच उलटा फिरलेला असतो. पाना लावला की दोन्ही सारखेच सैल लागतात. उपाय मात्र वेगळे आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटून हातात येतो.

माझ्या हातात आला. माझी सायकल द्राक्षबागेतच चालते, कारण २५ सीसीच्या वरचं इंजिन बसवलं की ती मोटार वाहन कायद्यात येते. माझं इंजिनाचं किट ८० सीसीचं म्हणून विकतात. सायलेन्सरला नवीन गॅस्केट (सांधा गळू नये म्हणून मधे घालायची पातळ चकती) टाकलं होतं आणि तिथला नट दर दोन दिवसांनी सैल लागायचा. प्रत्येक वेळी मी आधीपेक्षा जास्त जोर लावला. चौथ्यांदा पाना अचानक हलका झाला. सहा मिलिमीटरचा स्टड सिलिंडरच्या तोंडाशीच पिळवटून तुटला होता. तो नट कधी फिरलेलाच नव्हता, हे मला नंतर कळलं.

नट आवळतो तेव्हा आपण स्टडला ताण देत असतो. स्टड एखाद्या कडक स्प्रिंगसारखा किंचित लांबतो आणि परत आखडू पाहतो. पकड येते ती या ओढीतून. हे लांबणं असतं मिलिमीटरच्या काही शतांश एवढंच. त्यामुळे खालचं गॅस्केट तेवढंच दबून बसलं, किंवा इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पखालचा रंग तेवढाच चेपला, तरी ओढ संपते. गरम झाल्यावर हे जास्त होतं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हेड (सिलिंडरवरचं झाकण) फुगतं, गॅस्केट दाबलं जातं, आणि इंजिन थंड झालं की पकड कमी उरते. यात नटाचा दोष काहीच नाही, आणि त्याला कितीही लॉक केलं तरी फायदा नाही.

फिरून सुटण्याची गोष्ट वेगळी. एकच पिस्टन, समोर तोलायला दुसरा नाही, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला स्फोट. ४००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४००० फेरे असताना, सेकंदाला सहासष्ट धक्के, तेही सायकलच्या पातळ नळीवर. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिलं की नट सुटायला आडवी हालचाल सगळ्यात घातक. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर सुटतं आणि नट आट्याच्या उतारावरून थोडा मागे येतो. असं हजारो वेळा.

यातलं आपल्याकडे काय घडतंय हे ओळखायला नेलपेंट पुरतं. नट आवळल्यावर नटावरून शेजारच्या धातूपर्यंत एक बारीक रेघ ओढायची आणि वाळू द्यायची. चार दिवसांनी रेघ सरळ आहे, पण नट अजून आवळला जातोय, तर काहीतरी बसलंय. रेघ तुटून नटावरचा तुकडा बाजूला गेलाय, तर नट फिरलाय.

बसण्यावर उपाय म्हणजे पुन्हा आवळणं, पण मापात. हेडचे चार नट गाडीवरून पहिल्या दोन-तीन फेऱ्या मारल्यानंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, समोरासमोर आणि थोडे थोडे. टॉर्क पाना (किती जोर लागतोय ते मोजणारा) मिळाला तर फारच चांगलं. इंजिनाच्या क्लॅम्पखालचा फ्रेमचा रंग घासून काढा. थरथर कमी व्हावी म्हणून तिथे जुन्या ट्यूबचं रबर घालायची आपल्याकडे सवय आहे. ते काढाच, रबर चेपत राहतं आणि ओढ कधीच टिकत नाही.

फिरण्यावर उपाय म्हणजे लॉक, आणि इथे जागा बघावी लागते. माउंटिंगच्या स्टडला निळं थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा पातळ गोंद) चालतं. ते धातूला लागून, हवा तुटली की कडक होतं. म्हणून आटे थिनरने पुसून तेल काढा आणि चोवीस तास गाडी काढू नका. लाल घेऊ नका, ते सोडवायला साधारण अडीचशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. मडगार्ड, चेनकव्हर इथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) उत्तम. सायलेन्सरला मात्र नायलॉक नको, आतलं नायलॉन १२० अंशांच्या आसपासच हार मानतं. तिथे पूर्ण धातूचा लॉकनट किंवा चेकनट (नटावर आवळायचा दुसरा नट) लावा. स्प्रिंग वायसरवर आपला फार विश्वास, पण नासाच्या १९९० च्या फास्टनर पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की नट पूर्ण आवळला की हा वायसर सपाट होतो आणि मग त्याची लॉक करण्याची ताकद काहीच उरत नाही.

स्टड तुटलाच, तर तुकडा टाकून देण्याआधी उजेडात धरा. जास्त आवळून तुटलेला तुकडा टोकाशी पिळवटलेला, बारीक झालेला दिसतो. सैल राहून तुटलेल्याचा एक भाग गुळगुळीत असतो, त्यावर लाटांसारख्या पुसट रेघा असतात, आणि उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. पहिला दिसला तर पुढच्या वेळी हात आवरा. दुसरा दिसला तर तो नट बरेच दिवस सैल होता, आणि त्याच्या जोडीच्या स्टडवरही आजच रेघ ओढा.