एनएमएमएस शिष्यवृत्ती: परीक्षा एकदा, अर्ज चारदा

आठवीच्या वर्गात पहिल्या सत्रात एक सूचना फिरते: एनएमएमएसला बसणाऱ्यांनी उत्पन्नाचा दाखला वर्गशिक्षकांकडे द्यावा. ही सूचना बहुतेक घरांत आणखी एका परीक्षेची म्हणून ऐकली जाते. मुलगा परीक्षा देतो, यादीत नाव येतं, पेढे वाटले जातात. पुढे वर्षभर खात्यात काहीच जमा होत नाही आणि मग चौकशी सुरू होते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: परीक्षा पास झाली, पण नववीत करायचा अर्ज राहिला. म्हणून ही माहिती परीक्षेपुरती न ठेवता बारावीपर्यंतची दिली आहे.

पूर्ण नाव राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना. पैसा केंद्र सरकारचा, परीक्षा पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० आणि चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. रक्कम दर महिन्याला येत नाही, वर्षाची एकदम जमा होते. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे. तो जिल्ह्यांत आणि प्रवर्गांत वाटलेला असतो, त्यामुळे स्पर्धा अख्ख्या राज्याशी नसून आपल्या जिल्ह्यातल्या आपल्या प्रवर्गाशी असते.

कोण बसू शकतं

विद्यार्थी शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका किंवा अनुदानित शाळेत आठवीत नियमित शिकत असला पाहिजे. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय, सैनिक शाळा इथली मुलं चालत नाहीत. शासनाकडून राहणं, जेवण आणि शिक्षण फुकट मिळणाऱ्या निवासी शाळांतली मुलंही चालत नाहीत. संस्था तीच, इमारत तीच, पण मराठी माध्यम अनुदानित आणि सेमी किंवा इंग्रजीची तुकडी विनाअनुदानित, असं अनेक ठिकाणी असतं. आपलं मूल नेमकं कुठल्या तुकडीत आहे हे कार्यालयात विचारून घ्या. शाळेचं नाव प्रसिद्ध आहे म्हणजे ती अनुदानित आहे असं नव्हे.

सातवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती व जमातीच्या विद्यार्थ्यांना ५० टक्के. इथे श्रेणीचा घोळ होतो. प्रगतीपुस्तकावर नुसती श्रेणी असते आणि क-१ ही श्रेणी ५१ ते ६० टक्क्यांची आहे. म्हणजे क-१ मिळालेला एक मुलगा पात्र आणि दुसरा अपात्र, असं होऊ शकतं. श्रेणीवर अंदाज न बांधता वर्गशिक्षकांकडून निकालपत्रकातली टक्केवारी घ्या.

उत्पन्नाची अट आई-वडील दोघांचं मिळून वर्षाला साडेतीन लाख रुपयांची. आधी ही मर्यादा दीड लाख होती आणि अनेकांच्या डोक्यात अजून तोच आकडा आहे. "आपण बसत नाही" म्हणून अर्जच न भरणारी घरं त्यामुळेच दिसतात.

परीक्षेचा अर्ज

हा अर्ज पालकांनी घरून भरायचा नसतो. शाळा आपल्या लॉगिनमधून भरते, शुल्कही शाळेमार्फत जातं आणि हॉल तिकीटही शाळेच्याच लॉगिनला येतं. तुमच्याकडून कागद वेळेवर पोचणं एवढंच काम तुमचं. पण ते उशिरा पोचले तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रखडतं आणि अडचण सगळ्या वर्गाची होते. लागणारे कागद असे:

– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (नोकरदार पालकांनी आस्थापनाप्रमुखाचा चालतो का हे शाळेत विचारावं, पुढच्या टप्प्यांचा विचार करता तहसीलदारांचा केव्हाही बरा)
– सातवीच्या निकालाची प्रत
– विद्यार्थ्याच्या आधार कार्डाची प्रत
– जातीचा दाखला, लागू असल्यास
– दिव्यांग प्रमाणपत्र, लागू असल्यास
– फोटो, आणि घरात कायम राहणारा एक मोबाइल नंबर

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार केंद्रातून किंवा महा-ई-सेवा केंद्रातून निघतो. रेशन कार्ड, आधार, तलाठ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र बरोबर न्या. दाखला हातात आला की त्यावरचं आर्थिक वर्ष वाचा. दाखला नवा असतो, पण आत वर्ष दोन वर्षांपूर्वीचं असतं, हे नेहमी घडतं. केंद्रावर सांगतानाच "मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न" असं सांगा आणि जमत असेल तर तीन वर्षांचा दाखला मागा.

अर्जाच्या तारखा दरवर्षी परिषदेच्या परिपत्रकाने ठरतात. परीक्षा सहसा डिसेंबरात रविवारी असते. अर्ज भरल्यावर शाळेकडून छापील प्रत मागून घ्या आणि तीन गोष्टी स्वतः तपासा: नाव, जन्मतारीख, प्रवर्ग. प्रवर्गाच्या रकान्यात चूक राहिली तर मूल वेगळ्याच कोट्यात मोजलं जातं, आणि ते निवड यादी लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

पेपर कसा असतो

एकाच दिवशी दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी. प्रत्येकात ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोळा रिकामा ठेवू नये. शालेय चाचणीत विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न असतात, तेही सातवी-आठवीच्या पुस्तकांवरच. मुलं गणितातच सगळा वेळ घालवतात. इतिहास-भूगोलाचे गुण त्यापेक्षा स्वस्तात मिळतात.

दोन्ही पेपर मिळून १८० पैकी ४० टक्के, म्हणजे ७२ गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ३२ टक्के, म्हणजे किमान ५८. पण ७२ गुण मिळाले म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असं समजू नका. ती फक्त पात्रता झाली. जिल्ह्याच्या कोट्यात नाव बसलं तरच निवड, आणि निवड यादी वेगळी लागते. गुण पाहून थांबू नका, यादी पाहा. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा विद्यार्थी पात्र ठरूनही निवड यादीत आले नाहीत, तर त्यांच्यासाठी सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज वेगळा असतो आणि शाळेतूनच जातो, म्हणून निकाल लागल्याबरोबर मुख्याध्यापकांना भेटा.

नववी: खरी अडचण इथे

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहेत. म्हणजे मूल आठवीत एका शाळेत निवडलं जातं आणि नववीला दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जातं. निकाल जुन्या शाळेच्या लॉगिनला असतो, अर्ज नव्या शाळेतून करायचा असतो, आणि नव्या शाळेला हा विद्यार्थी शिष्यवृत्तीधारक आहे याचा पत्ताच नसतो. शाळा सोडल्याचा दाखला काढताना जुन्या शाळेकडून निवड यादीची किंवा गुणपत्रकाची प्रत घ्या. नव्या शाळेत प्रवेशाच्या दिवशीच ती क्लार्कच्या हातात द्या आणि नोडल शिक्षक, म्हणजे शाळेत शिष्यवृत्तीचं काम पाहणारे शिक्षक, कोण आहेत ते विचारून ठेवा. नवी शाळाही शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानितच हवी. विनाअनुदानित शाळेत गेलात तर निवड झालेली असूनही पैसे मिळत नाहीत.

नववीत अर्ज करायचा तो राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, ज्याला सगळे एनएसपी म्हणतात. आधी एकदाच करायची नोंदणी, म्हणजे ओटीआर. त्यात मोबाइलवर ओटीपी येतो, आधार पडताळलं जातं, मोबाइल ॲपमधून चेहऱ्याची पडताळणी होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. हा क्रमांक बारावीपर्यंत लागतो. सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर टाकून नोंदणी करू नका. पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याच फोनवर जाईल, आणि तोवर कॅफे बंद झालेला असतो किंवा नंबर बदललेला असतो.

नोंदणी झाल्यावर 'नवीन अर्ज' निवडून शालेय शिक्षण विभागाची एनएमएमएस योजना घ्यायची, शाळा यूडायस क्रमांकावरून (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) शोधायची, कागद जोडायचे आणि अर्ज अंतिम सादर करायचा. 'सेव्ह' केलेला अर्ज आणि 'सादर' केलेला अर्ज यांत फरक आहे. सेव्ह केलेला अर्ज शाळेला दिसतच नाही.

त्यानंतर दोन पडताळण्या होतात, पहिली शाळेच्या नोडल अधिकाऱ्याची आणि दुसरी जिल्हा पातळीवरची. विद्यार्थ्याची मुदत वेगळी, शाळेची वेगळी, जिल्ह्याची वेगळी. तुमचा अर्ज वेळेत गेला तरी शाळेने आपल्या मुदतीत पुढे पाठवला नाही तर तो तिथेच संपतो. म्हणून अर्ज सादर केल्यावर छापील प्रत आणि कागदांच्या झेरॉक्स शाळेत द्या, आणि आठवड्याने स्वतःच्या लॉगिनमध्ये स्थिती पाहा. 'डिफेक्ट' असं दिसलं तर अर्ज दुरुस्तीसाठी परत आलाय, मुदतीत सुधारून पुन्हा सादर करायचा. 'रिजेक्ट' दिसलं तर त्या अर्जापुरता विषय संपला. शाळेने किरकोळ चुकीसाठी रिजेक्टचं बटण दाबू नये, डिफेक्टचं दाबावं; हे नोडल शिक्षकांना आधी नम्रपणे सांगून ठेवलेलं बरं.

नाव, आधार आणि बँक

आपल्याकडे शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, आधारवर शेवटी. शिवाय दीक्षासारख्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर दोन 'ई'चं, दुसऱ्यावर एका 'आय'चं. पोर्टल आधारवरचं नाव धरतं, निवड यादी शाळेतलं. नुसता क्रम उलटा असेल तर सहसा निभावतं, पण स्पेलिंग, वडिलांचं नाव किंवा जन्मतारीख वेगळी असली की पडताळणी अडते. बदलायचं काय, हे जन्मदाखल्यावर ठरवा. जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर जुळत असेल तर आधार बदला. रजिस्टरमध्येच चूक असेल तर मुलगा शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. दहावीचा बोर्डाचा फॉर्म त्याच नोंदीवरून भरला जातो आणि नंतर दुरुस्ती फार जड जाते. आधारमध्ये नाव जन्मभरात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा घाईत अर्धवट दुरुस्ती करून ती संधी घालवू नका. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करणं सक्तीचं आहे, आणि ते वय नेमकं नववी-दहावीत येतं.

खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं हवं, आईबरोबरचं संयुक्त खातं नको. खात्याला आधार जोडलं म्हणजे काम झालं असं बँकेतही सांगतात, पण तेवढ्याने डीबीटी, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारी रक्कम, येत नाही. आधार क्रमांक एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार हाताळणारी संस्था) यादीत त्या बँकेशी जोडलेला असावा लागतो. यालाच सीडिंग म्हणतात. त्यासाठी बँकेत संमतीचा वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातील असं गृहीत धरू नका, ते आधार शेवटी ज्या बँकेशी सीड झालं तिथे जातात. पोषण आहाराच्या किंवा गणवेशाच्या पैशांसाठी पूर्वी कुठे खातं उघडलं असेल तर तिथेही बघा, 'न आलेली' रक्कम तिथे पडलेली सापडते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. पैसे सुटले की नाही ते पीएफएमएस या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर खाते क्रमांक टाकून कळतं.

दहावी ते बारावी

दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज त्याच ओटीआरवरून करायचा. तो मागच्या वर्षीच्या अर्जाला जोडलेला असतो, म्हणून मधलं वर्ष सोडू नये. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात गेलं पाहिजे. दहावीला किमान ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५५. दहावीनंतर आयटीआय किंवा पदविकेला प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती थांबते. ती फक्त अकरावी-बारावीसाठी आहे.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात प्रत्येक महाविद्यालयाच्या शाखेपुढे अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित हे लिहिलेलं असतं. पसंतीक्रम भरताना तो रकाना वाचा, कारण एकाच महाविद्यालयाची कला शाखा अनुदानित आणि विज्ञानाची तुकडी स्वयंअर्थसहाय्यित असू शकते. तिथेही नोडल अधिकारी नवा असतो, त्यामुळे नववीला केलं तेच पुन्हा करायचं: निवडीचा कागद, ओटीआर क्रमांक आणि दहावीचं गुणपत्रक घेऊन भेटायचं.

बारावीत मुलगा अठरा वर्षांचा होतो. खातं अज्ञान (अठरा वर्षांखालील) म्हणून उघडलेलं असेल तर बँक नव्याने केवायसी आणि सही मागते, आणि ते होईपर्यंत व्यवहार थांबवते. शेवटच्या वर्षाचे बारा हजार अशा थांबलेल्या खात्यावरून परत जाऊ नयेत म्हणून वाढदिवसाच्या महिन्यातच आधार, पॅन आणि फोटो घेऊन शाखेत जाऊन या.