घातक सॉल्व्हंटांना पर्याय (वस्त्रोद्योग)

कापड कारखान्यात तेल-ग्रीसचे डाग काढायला आणि मशीन पुसायला जी सॉल्व्हंटं (तेल विरघळवणारी द्रवं) वापरतात, म्हणजे सीटीसी (कार्बन टेट्राक्लोराइड), टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन), पर्क (परक्लोरोइथिलीन), हेक्झेन, घासलेट, थिनर वगैरे, त्यांच्या जागी कमी त्रासाचं काहीतरी आणणं किंवा मुळात डागच पडू न देणं, हा या नोंदीचा विषय. उदाहरणं शक्यतो विदर्भातल्या परिस्थितीला धरून घेतली आहेत.

उगम. पाण्याशिवाय कापड साफ करायची पद्धत (ड्राय क्लीनिंग) कोणी काढली यावर एकमत नाही. नेहमी सांगतात ती गोष्ट पॅरिसच्या ज्याँ-बाप्तिस्त जॉलीची: मोलकरणीच्या हातून दिवा कलंडला, टेबलावरच्या कापडावर तेल सांडलं आणि वाळल्यावर नेमका तेवढाच भाग स्वच्छ दिसला. साल मात्र कुठे 1825 देतात, कुठे 1845, कुठे 1855. दिव्यात घासलेट होतं की टर्पेंटाईन जातीचं तेल, यावरही मतभेद आहेत, आणि 1825 धरलं तर घासलेट बसतच नाही कारण दिव्याचं घासलेट बाजारात आलं ते साधारण 1850 च्या दशकात, त्यामुळे टर्पेंटाईनवाली मांडणी जास्त पटते. दुसरा दावा न्यूयॉर्कच्या थॉमस जेनिंग्जचा. त्याला 1821 मध्ये 'ड्राय स्काउरिंग'चं पेटंट मिळालं हे पक्कं, पण 1836 मध्ये पेटंट ऑफिसला आग लागली त्यात कागद जळाले, आणि पद्धत नेमकी काय होती ते त्याबरोबरच गेलं. म्हणून पहिलेपणाचा मान जेनिंग्जला आणि सॉल्व्हंटचा धागा जॉलीपासून, असं धरणं बरं. योगायोग असा की पर्क पहिल्यांदा मायकेल फॅरडेने बनवलं तेही 1821 च्या सुमारासच, अर्थात त्याचा कापडाशी तेव्हा काही संबंध नव्हता.

पुढे पेट्रोल जातीच्या सॉल्व्हंटांनी आगी लागायला लागल्या, तेव्हा अमेरिकेत 1920 च्या दशकात सुमारे 38 अंश फ्लॅश पॉइंटचं (म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान) स्टॉडर्ड सॉल्व्हंट आलं, आणि मग न पेटणारी क्लोरीनवाली मंडळी आली. सीटीसी पेटत नाही म्हणून लोक निर्धास्त होते, पण ते लिव्हर-किडनी खराब करतं आणि तापलेल्या पत्र्याला लागलं तर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो. शिवाय ते ओझोनलाही खातं, म्हणून ओझोन वाचवायच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारात ते आलं. भारत 1992 मध्ये करारात सामील झाला, 2000 मध्ये नियम आले आणि 1 जानेवारी 2010 पासून सीटीसीचा असा वापर बंद धरला गेला. बऱ्याच ठिकाणी त्याची जागा टीसीईने घेतली, म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात, कारण टीसीई माणसात कॅन्सर करतं असं आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने ठरवलंय आणि पर्क 'बहुधा करतं' या गटात आहे. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये टीसीईवर बंदीचा आणि ड्राय क्लीनिंगमधलं पर्क टप्प्याटप्प्याने संपवायचा नियम जाहीर केला. अशी चुकीची अदलाबदल एन-प्रोपिल ब्रोमाइड या सॉल्व्हंटच्या बाबतीतही झाली, ते नसांना मारक निघालं.

विदर्भात. इथे मिलचा धंदा 1877 च्या नागपूरच्या एम्प्रेस मिलपासून धरतात, नंतर हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर. आता प्रोसेसिंगचं काम बुटीबोरी, नांदगाव पेठ अशा वसाहतींकडे सरकलंय. डाग काढायचं टेबल मात्र सगळीकडे सारखंच: ताग्याची घडी करायच्या आधी कापड टेबलावर ओढायचं, डागाखाली फडका ठेवायचा, स्पॉटिंग गनने बारीक धार मारायची, आणि कडेची रिंग उमटू नये म्हणून वरून चॉक पावडर चोळायची. गन चालवणाऱ्याचं तोंड डागापासून वीतभर अंतरावर असतं. या सॉल्व्हंटांची वाफ हवेपेक्षा कितीतरी जड असते, त्यामुळे छताजवळचा एक्झॉस्ट फॅन नुसता फिरतो, ओढ टेबलाच्या पातळीला किंवा खाली पाहिजे. साधे निळे नायट्राइल हातमोजे टीसीईपुढे फार वेळ टिकत नाहीत.

पर्याय. सगळ्यात स्वस्त पर्याय सॉल्व्हंटचा नाहीच, तो तेलाचा आहे. मागाला आणि निटिंग मशीनला साध्या मिनरल ऑइलऐवजी धुतलं जाणारं, म्हणजे इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घातलेलं पांढरं तेल वापरलं तर ताजा डाग साबण-सोड्याच्या गरम पाण्यात निघतो, फक्त पॉलिएस्टरचं कापड हीट सेटिंगला (गरम करून माप पक्कं करायला) जायच्या आधी धुतलं पाहिजे, 180-200 अंशाला एकदा भाजलं की डाग धाग्यात बसतो. काळ्या डागात लोखंडाचा चुरा असतो हेही विसरतात, तो न काढता पेरॉक्साइडमध्ये ब्लीच केलं तर त्या जागी भोकं पडतात, आधी ऑक्झॅलिक ॲसिडने किंवा चिलेटिंग एजंटने (धातू पकडून ठेवणाऱ्या रसायनाने) लोखंड काढावं लागतं. एन्झाइमचा फार गाजावाजा होतो, पण लायपेज खाद्यतेल आणि चरबी तोडतं, मशीनचं मिनरल ऑइल तोडत नाही. भंडाऱ्याकडच्या कोशा रेशमाला प्रोटीज (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) आणि कडक कॉस्टिक दोन्ही चालत नाही, रेशीम स्वतःच प्रोटीन आहे, तिथे न्यूट्रल साबणच बरा. साबणातही नोनिलफिनॉलवाला नको, नदीतल्या माशांच्या हार्मोनवर तो परिणाम करतो. फॅटी अल्कोहोलवाला घ्यावा.

सॉल्व्हंट लागतंच तिथे एक गोष्ट बहुतेक परदेशी माहितीपत्रकात सापडत नाही, ती म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45-46 च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, म्हणजे 38 फ्लॅश पॉइंटचं 'सेफ' म्हणून विकलेलं हायड्रोकार्बन इथे दुपारी पेट घ्यायला तयारच बसलेलं असतं. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन आपल्याकडे सुचणं साहजिक आहे, वासही छान, पण त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण 48, डाग काढायची ताकद टीसीईच्या निम्मी, आणि उघडं राहिलं की हवेने खराब होऊन कातडीला ॲलर्जी देतं. सोयाबीन तेलाचं मिथाइल एस्टर याबाबतीत बरं, फ्लॅश पॉइंट शंभरच्या खूप वर, पण ते उडत नाही, मागून धुवावंच लागतं. इथे निदान 60 च्या वर फ्लॅश पॉइंटचं सॉल्व्हंट निवडावं आणि ड्रम उन्हात ठेवू नये.

पिगमेंट छपाईत रंग घट्ट करायला घासलेट-पाण्याचं इमल्शन वापरायचे, कापड वाळवताना त्यातलं घासलेट सगळं हवेत जायचं. त्याऐवजी ॲक्रिलिक थिकनर आला.

सांडपाणी. पाण्याच्या पद्धतीत हवेत जाणारी घाण पाण्यात जाते, ईटीपीवर (सांडपाणी साफ करणाऱ्या यंत्रणेवर) सीओडीचा, म्हणजे ऑक्सिजन खाणाऱ्या घाणीचा, भार वाढतो, आणि उन्हाळ्यात पाणीच तोकडं पडतं अशा गावांत शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या ताग्याच्या पहिल्या धुण्याला वापरणं परवडतं. जुन्या पर्कचा डिस्टिलेशननंतर उरलेला गाळ घातक कचरा म्हणूनच द्यावा लागतो, तो उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकता येत नाही.