सरपणाच्या बॉयलरला सौर जलतापनाची जोड

घर उबदार ठेवण्यासाठी आणि नळाला गरम पाणी देण्यासाठी लाकूड जाळणारा बॉयलर ज्या घरात आधीपासून आहे, तेथे छपरावर सौर संग्राहक (उन्हाची उष्णता द्रवात घेणारे साधन) बसवून दोन्हींची उष्णता एकाच साठवण टाकीत आणण्याची व्यवस्था. ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी, स्वित्झर्लंड आणि स्वीडन येथील ग्रामीण घरांत ती चांगली रुळलेली आहे. या प्रदेशांत हिवाळा लांब असतो आणि सरपण जवळ मिळते. ऑस्ट्रियाची तर जवळपास निम्मी भूमी जंगलाखाली आहे. महाराष्ट्रात घर तापवण्याची गरज पडत नाही, त्यामुळे ही व्यवस्था तिच्या पूर्ण रूपात आपल्याकडे दिसत नाही. मात्र तिचे मूळ तत्त्व बंबावर आंघोळीचे पाणी तापवलेल्या कोणालाही अपरिचित वाटणार नाही.

जोड देण्याचे खरे कारण उन्हाळ्यात आहे. हिवाळ्यात बॉयलर रोज पेटतो, त्याची उष्णता खोल्यांना लागते आणि नळाचे गरम पाणी जवळजवळ आपोआप मिळते. मे ते सप्टेंबर या काळात खोल्या तापवायच्या नसतात, पण अंघोळीला आणि भांड्यांना पाणी हवेच असते. चार माणसांच्या कुटुंबाला दिवसाला साधारण २०० लिटर गरम पाणी लागते असे धरले आणि ते ४० अंशांनी तापवायचे ठरवले, तर सुमारे ९ किलोवॉट-तास उष्णता पुरते. हवेत नीट वाळवलेल्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे ४ किलोवॉट-तास मिळतात, म्हणजे हिशेबाने अडीच-तीन किलो लाकडात काम व्हायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. २५ किलोवॉटच्या बॉयलरची शेगडी एका भरण्यात ३० किलो लाकूड सहज घेते, त्याच्या लोखंडाचे वजनच काहीशे किलो असते, आणि ते सगळे तापल्याखेरीज पाण्याला धग पोहोचत नाही. थोडेसे लाकूड टाकून मंद जाळ ठेवावा म्हटले, तर ज्वलन अपुरे राहते, धूर वाढतो, आणि धुराड्यात व बॉयलरच्या थंड भिंतींवर डांबरासारखा चिकट थर बसतो. चुलीसारखा हा जाळ लहान-मोठा करता येत नाही. हा बॉयलर भरभरून आणि कडक जाळावर चालला तरच चांगला चालतो; आधुनिक बॉयलरमध्ये लाकडातून निघणारा वायू वेगळ्या कप्प्यात जाळला जातो आणि तेथे कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, पण ती पूर्ण भारावरच. उन्हाळ्यातले हे चार-पाच महिने बॉयलर पूर्ण बंद ठेवता येणे, हा सौर जोडीचा सर्वांत मोठा लाभ आहे. हिवाळ्यात सूर्याकडून मिळणारी भर स्वागतार्ह असली, तरी केवळ तिच्या भरवशावर खर्चाचा हिशेब मांडणे चुकीचे ठरते.

दोन्ही उष्णतास्रोतांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. बॉयलर चार-पाच तासांत भरपूर उष्णता ७० ते ८५ अंश तापमानाला देऊन मोकळा होतो. संग्राहक दिवसभर थोडी थोडी आणि बहुधा कमी तापमानाची उष्णता देत राहतो. त्यांना एकत्र नांदवणारी वस्तू म्हणजे साठवण टाकी. जर्मनीतील लहान भट्ट्यांविषयीच्या नियमावलीनुसार हाताने लाकूड भरायच्या बॉयलरला शेगडीच्या दर लिटर आकारमानामागे १२ लिटर आणि दर किलोवॉटमागे किमान ५५ लिटर टाकी अपेक्षित असते. याचा अर्थ असा की, चांगल्या रीतीने बसवलेल्या सरपणाच्या बॉयलरशेजारी मोठी टाकी आधीच उभी असते. सौर जोडीतली सर्वांत अवजड वस्तू घरात आधीपासून असल्यामुळे हा संयोग इतका सोयीचा ठरतो. १,५०० लिटरच्या टाकीतले पाणी ३० वरून ८५ अंशांवर नेले, तर तीत सुमारे ९६ किलोवॉट-तास साठतात. एका भरण्याची उष्णता जवळजवळ पूर्ण सामावते.

टाकीत पाणी किती आहे यापेक्षा ते थरांत कसे उभे आहे हे अधिक महत्त्वाचे. जुन्या तांब्याच्या बंबात पिंपाच्या मधोमध उभी नळी असते, तीत ढलप्या किंवा करवंट्या जळतात आणि भोवतीचे पाणी तापते. वरच्या नरसाळ्यात थंड पाणी ओतले, की ते तळाशी उतरते आणि तेवढेच कढत पाणी वरच्या तोटीतून बादलीत पडते. गरम पाणी हलके असल्याने वर राहते आणि थंड जड असल्याने खाली बसते. दोन्हींची ढवळाढवळ झाली नाही, तर शेवटच्या बादलीपर्यंत कढत पाणी मिळते. दोन मीटर उंचीच्या पोलादी टाकीतही हाच नियम चालतो. बॉयलरचे गरम पाणी वरच्या भागात सोडतात आणि त्याला परतीचे पाणी तळातून देतात. संग्राहकाचे वेटोळे, म्हणजे त्यातला गरम द्रव ज्यातून फिरतो ती गुंडाळलेली नळी, मात्र टाकीच्या तळाकडच्या एक-तृतीयांश भागात बसवतात, कारण संग्राहक जितक्या थंड पाण्यावर काम करतो तितकी त्याची उष्णता हवेत कमी जाते. तळाशी ३० अंशांचे पाणी असेल, तर हिवाळ्यातले फिकट ऊनही कामाला येते. तेथे ७० अंशांचे पाणी भरलेले असेल, तर तेच ऊन वाया जाते. म्हणून या व्यवस्थेत टाकीचा थंड तळ ही जपायची गोष्ट आहे, आणि वेगाने फिरणारा पंप किंवा चुकीच्या उंचीवर जोडलेली परतीची नळी थर मोडून टाकते तेव्हा महागडे संग्राहकही निरुपयोगी होतात.

अस्तित्वात असलेल्या टाकीत वेटोळे नसेल, तर बाहेर पत्र्यांचा उष्णता-विनिमयक (एका द्रवाची उष्णता न मिसळता दुसऱ्याला देणारे साधन) बसवून काम भागवतात. पिण्याच्या व न्हाण्याच्या पाण्यासाठी मोठ्या टाकीच्या पोटात लहान टाकी ठेवतात, किंवा नळ उघडताच टाकीतल्या उष्णतेवर ताजे पाणी तापवणारा विनिमयक लावतात. कोमट साठलेल्या पाण्यात लीजिओनेला हे फुफ्फुसांचा आजार देणारे जीवाणू वाढतात. ताजे पाणी वाहत असताना तापवल्यास तो धोका बराच टळतो, आणि साठवायचेच असेल, तर ते ६० अंशांपर्यंत नेणे आवश्यक असते. सौर टाकीत उन्हाळ्यात पाणी ८०-९० अंशांपर्यंतही चढते, म्हणून नळाकडे जाणाऱ्या वाटेवर थंड पाणी मिसळणारी झडप हवीच. लहान मुले असलेल्या घरात ती नसणे अक्षम्य आहे.

संग्राहक सपाट काचेचे किंवा निर्वात नळ्यांचे असतात. केवळ नळाच्या पाण्यासाठी माणशी १ ते १.५ चौ. मी. पुरतो, खोल्या तापवण्यातही मदत घ्यायची असेल, तर १० ते २० चौ. मी. बसवतात. आल्प्सच्या परिसरातील अक्षांश ४७ अंशांच्या आसपास असल्याने आणि हिवाळ्यातला सूर्य क्षितिजाजवळून जात असल्याने अशा संग्राहकांचा कल ४५ ते ६० अंश, काही वेळा त्याहूनही उभा ठेवतात. त्यामुळे बर्फ घसरून पडते, हिवाळ्याचे ऊन सरळ येते आणि उन्हाळ्यातली अतिरिक्त उष्णता काही अंशी आपोआप कमी होते.

संग्राहकात साधे पाणी गोठून नळ्या फुटतील, म्हणून पाण्यात साधारण ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळतात. या द्रवाचे मंडल, म्हणजे फिरण्याचा बंद मार्ग, टाकीतल्या पाण्यापासून वेगळे असते. संग्राहकाच्या तोंडाशी एक आणि टाकीच्या तळाशी एक असे दोन तापमान-संवेदक असतात. संग्राहक तळापेक्षा ५ ते ८ अंशांनी अधिक तापला की नियंत्रक पंप सुरू करतो, आणि फरक दोन-तीन अंशांवर आला की बंद करतो. रात्री टाकीतली उष्णता उलट छपराकडे चढू नये म्हणून एकमार्गी झडप लागते. ही लहानशी झडप विसरली किंवा बिघडली, तर दिवसभराची कमाई रात्रीत आकाशाला जाते, आणि घरच्यांना सकाळी पाणी कोमट का झाले याचा पत्ता लागत नाही. या मंडलात जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्या वापरत नाहीत, कारण ग्लायकॉलमुळे जस्त सुटते. प्लास्टिकच्या नळ्याही चालत नाहीत, कारण टाकी भरून पंप थांबल्यावर भर उन्हात सपाट संग्राहक १५० अंशांच्या पुढे आणि निर्वात नळ्या २०० अंशांच्याही पुढे जातात. तेव्हा द्रवाची वाफ होते, ती सामावून घेण्याइतके प्रसरण-पात्र मोठे असावे लागते, आणि वारंवार उकळलेला ग्लायकॉल आम्लधर्मी होऊन नळ्या खातो. म्हणून त्याची आम्लता आणि गोठणबिंदू ठरावीक काळाने तपासतात.

बॉयलरच्या बाजूला धोका वेगळ्या स्वरूपाचा असतो. गॅसचा किंवा विजेचा तापक बटण दाबताच थांबतो; पेटलेले लाकूड थांबत नाही. वीज गेली आणि पंप बंद पडला, तर शेगडीतला जाळ आपले काम करतच राहतो. त्यासाठी बॉयलरच्या पाण्यात थंड पाण्याचे एक वेगळे वेटोळे असते आणि पाणी ९५ अंशांच्या आसपास पोहोचले की विजेशिवाय उघडणारी झडप त्यातून नळाचे थंड पाणी सोडून उष्णता बाहेर काढते. सुरक्षा-झडपही असतेच. सौर जोड करताना या साधनांना हात लावू नये, आणि बॉयलर व त्याची सुरक्षा-झडप यांच्यामध्ये बंद करता येणारी कोणतीही झडप बसवू नये. हा नियम मोडल्याची किंमत स्फोटाने मोजावी लागते. बॉयलरकडे परतणारे पाणी ५५ ते ६० अंशांखाली जाऊ न देणारी मिश्रण-झडपही अशीच अत्यावश्यक आहे. सूर्याने तळ कोमट ठेवला तरी तिची गरज संपत नाही, कारण थंड पाणी थेट बॉयलरमध्ये शिरले, तर धुरातली वाफ लोखंडावर साचते आणि काही वर्षांत पत्रा कुजतो.

प्रणाली बसवून झाल्यावरही माणसाचे काम उरते, आणि ते विशेषतः वसंतात आणि शरदात. टाकीवर वर, मध्ये आणि खाली असे तीन तापमापक असतात. एप्रिलच्या एखाद्या सकाळी वर ६८, मध्ये ५२ आणि खाली ३१ अंश दिसत असतील आणि आकाश निरभ्र असेल, तर जाणता घरमालक बॉयलर पेटवत नाही. दुपारपर्यंत १० चौ. मी. संग्राहक तळ बऱ्यापैकी भरून काढतात. त्याच सकाळी सवयीने शेगडी भरून पेटवली, तर टाकी तळापर्यंत तापते, उन्हाला जागाच उरत नाही आणि लाकूड व ऊन दोन्ही वाया जातात. नियंत्रकाला बाहेरचे ढग दिसत नाहीत, म्हणून पेटवायचे की नाही हा निर्णय अजून माणसाकडेच आहे. भरपूर ऊन असलेल्या उन्हाळ्याच्या दिवशी १० चौ. मी. संग्राहकांतून २५ किलोवॉट-तासांच्या आसपास उष्णता मिळू शकते, म्हणजे मोठ्या टाकीच्या जोरावर दोन-तीन ढगाळ दिवसही बॉयलरविना निघतात.

इतिहास थोडक्यात असा : स्विस शास्त्रज्ञ होरेस-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये काचेची झाकणे लावलेल्या पेटीत सूर्याची उष्णता कोंडून दाखवली. अमेरिकेत बॉल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये सौर जलतापकाचे एकस्व (पेटंट) घेतले, आणि १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी संग्राहक व उष्णतारोधक टाकी वेगळी केली, ज्यामुळे रात्रीही पाणी गरम राहू लागले. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर युरोपात या साधनांकडे पुन्हा लक्ष गेले. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात शेतकरी व कारागीर गट करून स्वतःच्या हाताने संग्राहक बांधू लागले, आणि या चळवळीतून १९८८ मध्ये ग्लाइसडॉर्फ येथे उभी राहिलेली संस्था आज सौर तापनातील नामवंत संशोधनकेंद्र आहे. हे लोक सरपणाचे बॉयलर असलेल्या घरांतच राहत होते, म्हणून तेथे जोडप्रणाली घरातल्या गरजेतून वाढली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सौर कार्यक्रमात १९९८ ते २००२ या काळात अशा प्रणालींच्या निरनिराळ्या रचनांची तुलना करण्यात आली.

महाराष्ट्रात सौर जलतापकाला ‘सौर बंब’ हे नाव पडले, हे त्याच्या वंशपरंपरेला धरूनच आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ठोकून घडवलेले तांब्याचे बंब एकेकाळी घराघरांत होते. कोकणात न्हाणीच्या चुलीवर हंडा आणि गोव्यात भाण (पाणी तापवायचे मोठे भांडे) असे. आता अनेक घरांत बंब आणि छपरावरचा सौर बंब शेजारी शेजारी नांदतात आणि दोन्ही जोडण्याचा विचार साहजिकच येतो. तो करताना युरोपीय पद्धतीची नक्कल करण्याची गरज नाही. बंब वरून उघडा असतो, दाबासाठी तो घडवलेला नसतो; म्हणून छपरावरच्या टाकीची नळी त्याला थेट घट्ट जोडून पाणी कोंडणे धोक्याचे आहे. सौर टाकीतले कोमट पाणी नळाने सोडून नरसाळ्यातून बंबात घ्यावे आणि बंबाचे तोंड मोकळे ठेवावे, एवढे पुरते. ४० अंशांचे पाणी आयते मिळाले, तर मूठभर ढलप्यांत आंघोळीचे काम होते. बोअरचे पाणी जड असेल, तर निर्वात नळ्यांत क्षार धरतात. तेथे सपाट संग्राहक व वेगळे मंडल बरे. आपल्याकडे सूर्य दगा देतो तो हिवाळ्यात नव्हे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीचे ऊन पाणी तापवायला पुरेसे असते, पण कोकणात व घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर सलग ढग असतात, आणि तेव्हाच सरपणही ओले होते. म्हणून तेथे आगोटीपूर्वी पडवीत रचलेली कोरडी लाकडे आणि नारळाची वाळलेली सोडणे हाच सौर बंबाचा खरा जोडीदार आहे.