यंत्रभाषेतले प्रोग्रामिंग: आकड्यांपेक्षा पत्त्यांची कटकट

थेट यंत्रभाषेत, म्हणजे संगणकाला समजणाऱ्या आकड्यांच्याच रूपात, प्रोग्राम लिहायचा म्हटले की शून्य-एकच्या लांबलचक रांगा डोळ्यांपुढे येतात. पण मला विचाराल तर तसे लिहिणाऱ्या पिढीला जेरीस आणले ते आकड्यांनी नव्हे, पत्त्यांनी, म्हणजे मेमरीतल्या घरांच्या क्रमांकांनी.

२१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठातल्या ‘बेबी’ या संगणकावर टॉम किलबर्न यांचा प्रोग्राम चालला. एकूण १७ आज्ञा, त्याही बिट-बिट (एकेक शून्य किंवा एक) करत हाताने भरलेल्या. २,६२,१४४ या संख्येचा स्वतःखेरीज सर्वांत मोठा विभाजक त्याने ५२ मिनिटांत शोधला: १,३१,०७२. सतराच आज्ञा होत्या म्हणून निभावले.

प्रोग्राम वाढला की काय होते, हे पुढे आलेल्या इंटेल ८०८० या प्रोसेसरवर चटकन दिसते. तिथे ‘सी३ १० ००’ (सोळामान पद्धतीत लिहिलेले तीन बाइट, दर बाइट आठ बिटांचा) म्हणजे ००१० या पत्त्यावर उडी मार, पुढची आज्ञा तिथून घे. पत्त्याचा खालचा बाइट आधी, वरचा नंतर. आता त्या पत्त्याच्या अलीकडे एका बाइटची आज्ञा राहून गेल्याचे लक्षात आले. ती घुसवली की पुढचे सगळे एक घर सरकते आणि उडी ‘सी३ ११ ००’ करावी लागते. अशा साऱ्या उड्या शोधून दुरुस्त करायच्या, एक सुटली तरी प्रोग्राम भरकटला. म्हणून जाणती माणसे मधूनमधून ‘००’ पेरून ठेवत. ही काहीच न करणारी आज्ञा, म्हणजे पुढच्या दुरुस्तीसाठी राखलेली जागा.

खरी सुटका केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावर सुरू झाली. १९४९ मध्ये डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आज्ञांचा एक प्रोग्राम यंत्रातच कायमचा बसवला. कागदी पट्टीवर बेरजेसाठी ‘ए’, वजाबाकीसाठी ‘एस’ आणि पुढे दशमान पत्ता पंच करायचा; द्विमानात रूपांतर यंत्रच करी. त्याच वर्षीच्या सुधारित आवृत्तीत सबरूटीन (पुन्हा पुन्हा वापरायचा छोटा उपप्रोग्राम) मेमरीत कुठेही ठेवली तरी तिच्यातले पत्ते आपोआप जुळू लागले. माझ्या लेखी सर्वांत मोठे पाऊल हेच. १९५७ ची फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा त्याच वाटेवरची.

१९७५ मध्ये अल्टेअर ८८०० हा ८०८० वर चालणारा संगणक घरी जोडणाऱ्यांच्या वाट्याला मात्र पुन्हा तेच आले. सोबत कीबोर्ड नाही, पडदा नाही. ‘सी३’ भरायचे तर आठ खटके ११००००११ असे लावायचे, मग ‘डिपॉझिट’चा खटका, की पुढचा बाइट. वीज गेली की सारे पुसले. म्हणून बेसिक ही भाषा वापरणारे खटक्यांनी फक्त छोटासा लोडर (बाकीचा प्रोग्राम आत घेणारा प्रोग्राम) भरत आणि बाकीचे कागदी पट्टीवरून आत घेत, एडसॅकवर घेत तसेच.