प्रीमियर पद्मिनी

मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात तयार झालेली चार दारांची छोटी कुटुंबवत्सल मोटार. मूळ आराखडा इटलीच्या फियाट ११०० चा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या या कंपनीने १९५४ पासून ११०० मालिका भारतात आणली. सुरुवातीच्या गोलमटोल गाडीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ च्या ‘डिलाइट’ या मॉडेलने पुढे पद्मिनीला मिळालेला चौकोनी घाट आणला. फियाटचे नाव गेल्यावर काही काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’.

इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५ मिमी). चार गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघे बसत. मागे पाट्यांची स्प्रिंग असल्याने भरल्या गाडीचा भार ती निमूट पेलते. मूळ यंत्ररचना दशकानुदशके फारशी बदलली नाही. नवे तंत्र त्यामुळे उशिरा आले हे खरे, पण याच कारणाने सुटे भाग सर्वत्र मिळत आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिकही इंजिन उतरवू शके. टॅक्सीवाल्यांनी तिला धरून ठेवले ते यासाठीच.

तिचे आजार ठरलेले. पेट्रोल पंप इंजिनला लागूनच असल्याने उन्हाळ्यात, वाहतूक कोंडीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे, पंप गार झाल्यावरच स्टार्टर मारावा. उगाच मारत राहिल्यास बॅटरी उतरते. गिअरच्या जोडदांड्यांचे बुश (सांध्यांतल्या छोट्या नळ्या) झिजले की दोन गिअरांमध्ये दांडा अडकतो. तो जोराने ओढू नये, बॉनेटखालून लिव्हर हाताने मोकळे करावेत आणि बुश बदलावेत. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजून टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली मोकळी जागा) कमी होते. तिकडे दुर्लक्ष केल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्या हौशी मालकांकडे अजून आहेत. अशी गाडी घेताना इंजिनाआधी पत्रा पाहावा: पायाखालचा फ्लोअर, दारांखालच्या पट्ट्या आणि मागच्या स्प्रिंगचे टेकू. इंजिन पुन्हा बांधता येते. कोकणपट्टीच्या दमट हवेत कुजलेला सांगाडा दुरुस्त करणे फार महाग पडते.