तीन कड्यांची ठासणीची बंदूक: एनफिल्ड रायफल की देशी पलटणींची मस्केट?

खंडेनवमीला कुडाळजवळ मामांच्या घरी माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली उतरते. तिला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते आणि मामा दरवर्षी तेच सांगतात, "ही सत्तावनची आसा." कोकणात अशी बंदूक असलेल्या घरोघरी हे ऐकायला मिळतं. त्याचं नवलही नाही, कारण घाटापलीकडे कोल्हापुरात २७ व्या पलटणीने ३१ जुलै १८५७ ला उठाव केला, ते फार लांबचं नाही. पण त्या वर्षी बहुतेक शिपायांच्या हातात अजून जुनी मस्केटच, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची बंदूकच होती. नवी एनफिल्ड रायफल तेव्हा कुठे यायला लागली होती.

घोटाळा होतो तो एकसारख्या दिसणाऱ्या दोन बंदुकांमुळे. पहिली १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल, दुसरी १८५८ आणि १८५९ च्या नमुन्यांची, हिंदी शिपायांसाठी बनवलेली मस्केट. दोन्ही ठासणीच्या, दोन्ही केपवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर उडणाऱ्या. दोन्हींची लांब नळी तीन लोखंडी कड्यांनी लाकडी दस्त्याला बांधलेली आणि दस्त्याची टाच पितळी. भिंतीवर शेजारी टांगल्या तर घरचा माणूसही फसेल.

हात लावण्याआधी एक काम कराच. या बंदुका कित्येकदा भरलेल्याच माळ्यावर जातात. निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी केप बसवायच्या बोंडावर, केप नाही ना ते पाहा, मग आपलं तोंड नळीसमोरून बाजूला ठेवून एक सरळ काठी हळूच नळीत सोडा, ती थांबली की नळीच्या तोंडाशी काठीवर अंगठा धरा आणि तेवढीच काठी बाहेरून नळीवर धरा. तिचं टोक निपलपर्यंत पोचायला हवं. तीन-चार बोटं आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे. तिथेच थांबायचं आणि परवानाधारक बंदूक कारागिराकडे न्यायचं.

आता फरक. रायफलच्या नळीत तीन खाचा असतात, लांबट वळण घेत आत जाणाऱ्या. बार उडाला की मऊ शिशाची गोळी बुडाशी फुलते, त्या खाचांत बसते आणि फिरत बाहेर पडते. म्हणून नेम लांबवर लागतो, आणि म्हणूनच रायफलच्या नळीच्या पाठीवर उभी करता येणारी शिडीसारखी नेमपट्टी आहे, सुरुवातीच्या बंदुकांवर ९०० यार्डांपर्यंत आखलेली. उठावानंतर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी पलटणींच्या हाती इतका लांब नेम द्यायचा नाही. मग त्याच बंदुकीच्या खाचा काढून नळी आतून गुळगुळीत केली आणि शिडी जाऊन तिथे एक साधा ठोकळा आला. पण आतून कातल्याने १८५८ च्या नळीची भिंत पातळ झाली. ती फुगायची, संगीन लावली की वाकायची. म्हणून १८५९ च्या नमुन्यात नळी जाड केली. अविश्वासापोटी मुद्दाम बोथट केलेलं हे हत्यार आहे, आणि मला तरी ते रायफलइतकंच मोलाचं वाटतं.

म्हणजे तोंडाशी बॅटरी धरून खाचा दिसतात का पाहिलं की झालं? कोकणात नाही. इथे या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर डुकरं हाकलायला वापरल्या. छर्रे नीट जावेत म्हणून गावच्या कारागिराने खाचा कातून टाकल्या, उरलेल्या खाऱ्या हवेने खाल्ल्या. अशी रायफल आतून मस्केटसारखीच दिसते. मग नळीच्या पाठीवर बोट फिरवावं. शिडी गेली असली तरी तिच्या बैठकीचा लांब डाग, झाळकामाची (धातू वितळवून केलेल्या जोडाची) कड, बोटाला लागते. ठोकळ्याची खूण आखूड असते. दस्ताही बघा. मूळ दस्ता अक्रोडाचा. पिवळसर, फणसाच्या लाकडाचा निघाला तर तो इथे कुणीतरी प्रेमाने बदललेला आहे.

घोड्याखालच्या पट्टीवरचे शिक्के सर्वात फसवे. मुकुट, 'व्ही आर' (व्हिक्टोरिया राणीची अक्षरं) आणि 'टॉवर' (लंडनचं शस्त्रागार) ही अक्षरं कुणीही ठोकू शकतो. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ मध्ये. तिच्या अक्षरांशेजारी १८३१ साल कोरलेलं असेल तर बोलायलाच नको. मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण आणि कंपनीचं राज्य १८५८ ला संपलं. त्यामुळे सिंहासोबत पुढचं साल दिसलं की प्रश्न विचारायचे. खरं कोरीवकाम पट्टी कडक करण्याआधीचं, म्हणून झिजलं तरी सगळीकडे सारखं झिजतं. झिजलेल्या पट्टीवर एकटाच मुकुट टवटवीत दिसत असेल तर तो मागाहून आला.

किमतीचं म्हणाल तर खाचा, शिडी आणि मूळ दस्ता शाबूत असलेल्या रायफलला संग्राहक जास्त मोजतात. सैन्यानेच गुळगुळीत केलेली मस्केट हा स्वतंत्र प्रकार, तिलाही मान आहे. गावात कातलेली रायफल मात्र खाली उतरते. त्याहून मोठं नुकसान पॉलिश पेपर करतो. मुंबईहून आलेल्या एका खरेदीदाराने मामांना सांगितलं, "घासून चकचकीत करा, भाव वाढेल." मामांनी नळी अर्धी घासली. दीडशे वर्षांचा तपकिरी थर एका दुपारी गेला, त्याबरोबर नळीवरच्या चाचणीच्या खुणाही. लाल, बोटाला लागणारा गंज तेवढा शिलाई मशीनच्या तेलाने पुसावा. तपकिरी थराला हात लावू नये.

चालू स्थितीतली ठासणीची बंदूक कितीही जुनी असो, परवाना लागतोच. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याने देशाबाहेर विकायला नेता येत नाही.

यंदा मामांच्या बंदुकीच्या पाठीवर मी बोट फिरवलं. कड लागली, लांब. मामांचं बोट धरून तिथेच ठेवलं. म्हटलं, मामा, हिला शिडी होती, ही रायफल. त्यांनी दोनदा बोट मागेपुढे केलं आणि विचारलं, "मगे खाचो कोणी काढल्यान?" आजोबांनी असतील, डुकरांसाठी. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग तेलाचा बोळा उचलून न घासलेल्या अर्ध्या नळीवरून हळूहळू फिरवायला लागले.